उंबराखालचा दगड

अहो,

कुंडीत दगड नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही असता तर समोर बसवून विचारलं असतं. तुमचं वर्षश्राद्धही होऊन गेलं, आता कागदाशिवाय उपाय नाही. आणि ‘प्रिय’ लिहिणार नाही. आज तरी नाही.

केतकीने शेलूला घर घेतलं. आईकडे तिने काय मागावं? सोनं नाही, भांडी नाहीत. “आई, आजोळचा उंबर दे,” म्हणाली. देण्याआधी माती बदलावी म्हणून काल सकाळी मी तो बोन्साय कुंडीतून काढला. माती झटकली, मुळं धुतली, बुंध्याखाली हात घातला. मुळंच मुळं. दगड कुठे गेला?

तो दगड कुठला, हे तुम्हाला ठाऊक होतं. खालापूरला आमच्या विहिरीच्या काठाची चपटी काळी कपची. उंबराचं रोपही त्याच काठाच्या फटीतलं. विहीर बुजवून गोदाम बांधायला घेतलं, तेव्हा मी दोन्ही पिशवीत घालून कर्जतला आणलं. मुळं खोल न जाता पसरावीत म्हणून कपची बुंध्याखाली ठेवली. पुढे मुळांनी तिला असं कवटाळलं की मीही कधी सोडवली नाही. माझ्या माहेरचं तेवढंच उरलं होतं. हे का तुम्हाला सांगायला हवं होतं?

मग एकेक आठवत गेलं. केतकीच्या बाळंतपणाला मी नाशिकला गेले, तो मे महिना. निघताना बजावलं होतं, “निळ्या पिंपातलं पावसाचं पाणी फक्त उंबराला. बोअरचं घालायचं नाही.”

“अगं, पाणी ते पाणी. झाडाला काय कळतंय?”

“बाकीच्या कुंड्यांच्या काठावर पांढरा थर चढलाय तो बघा, पानं पिवळी पडलीत ती बघा, आणि मग बोला.”

परत आले तर उंबर भुंडा. “उन्हाने फांद्या वाळल्या, छाटून टाकल्या. फुटेल,” म्हणालात. फुटलाही. मला बुंधा जरा वेगळा वाटला, तर म्हणालात, “महिनाभर नातवाचं तोंड बघून आलीस, आता झाडाचं कसं ओळखशील?” आणि मी हसले. हसले हो मी!

त्यानंतर कुंडी बदलायचं काम तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. “तुझे गुडघे दुखतात. मातीकाम माझं.” मी शेजारणींना कौतुकाने सांगत सुटले. मला ती काळजी वाटली. पहारा होता तो!

महिला मंडळात मी तोच उंबर टेबलावर ठेवून सांगितलं, की आपल्याकडच्या उन्हात आणि जड पाण्यातही शिस्त असली की झाड टिकतं. बघा, माझ्या माहेरचं टिकलं. मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या कोण वाजवत होतं?

आणि अण्णांची तिथी! दर वर्षी वडिलांच्या नावाने मी त्या झाडाला फूल वाहायचे, आणि तुम्ही शेजारी हात जोडून उभे. तेव्हा तरी जीभ उचलायची होती.

काल दुपारीच रिक्षा केली आणि कडावला गेले. झाडांच्या बाबतीत तुम्ही दुसऱ्या कुणाकडे जाणार? तुमचा शाळासोबती बाळाराम नर्सरीत पिशव्यांत माती भरत होता. मला बघून उठला.

“या वयनी, च्या टाकायला सांगतो.”

“चहा नको, भावोजी. माझ्या उंबराखालचा दगड कुठे आहे?”

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. “मी सांगितलेलं त्याला, वयनीला कळंल रं एक दिस. तर मलाच म्हनला, तू गप बस.” मग सगळं सांगितलं. टाकीला पाणी आलं नाही म्हणून तुम्ही निळं पिंप आंघोळीला उपसलंत. मग उंबराकडे लक्षच राहिलं नाही. आठवण झाली तेव्हा भर दुपारी, पाइपातलं तापलेलं बोअरचं पाणी ओतलंत.

“संपला उंबर. ह्या पडवीत बसून रडला हो त्यो. म्हनं, तिचं म्हायेर आता कुठनं आनू?”

“म्हणून तुम्ही दुसरं माहेर काढून दिलंत?”

“माझ्याच बांधावरचा उंबर दिला, वयनी. चांगला व्हता,” तो म्हणाला. जणू माझी तक्रार मालाबद्दल होती!

आत जाऊन त्याने गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. वाळलेलं खोड. मुळांनी दगड अजून सोडलेला नाही. “टाकू नको म्हनला व्हता. वयनीला कवातरी सांगीन म्हनला.”

कधी सांगणार होतात?

रडायचं होतं तर माझ्यासमोर रडायचं होतं. मी ओरडले असते. आठवडाभर बोलले नसते. पण मग आपण दोघं त्या खोडाजवळ बसलो असतो. माझं दुःख तुम्ही कडावच्या पडवीत परस्पर उरकून आलात. त्यात मला जागाच ठेवली नाहीत. झाड गेल्याचा राग नाही हो, झाडं जातात. याचा राग आहे.

केतकी म्हणते, “आई, बाबा गेले. आता कुणाशी भांडतेस?” मी म्हटलं, “त्यांच्याशीच. गेले म्हणून सुटले की काय?”

तर ऐका. तुमच्या त्या झाडाला मी पावसाचंच पाणी घालीन. मे महिन्यात हिरव्या जाळीखाली, ओल्या वाळूच्या परातीत ठेवीन. त्याची काही चूक नाही. मंडळात खरं काय ते सांगीन. अण्णांच्या तिथीला त्याला फूल वाहणार नाही. तुमच्या तिथीला वाहीन की नाही, ते तेव्हा बघू.

विजया

ता. क. आज केतकीच्या हाती दिलं: वाळलेलं उंबराचं खोड, मुळांतल्या दगडासकट, आणि घडलेली सगळी हकिगत. जिवंत उंबर दिला नाही. तो आजोळचा नव्हे, तुझ्या बाबांचा आहे, असं तिला सांगितलं.