बाभळीचं चाक

१९ जुलै १९३७, वसमत

मिळाली! समोरच्या पार्वतीबाईंच्या मळ्यातल्या गोठ्यातली मोटरसायकल आज माझ्या अंगणात आली — चाकांवर नाही, सोनाजी लोहाराच्या बैलगाडीत, कडब्यावर आडवी निजवून.

पार्वतीबाईंचे यजमान ओव्हरसियर होते. ते गेले त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून गाडी तिथंच उभी. सीटच्या फाटक्या कातड्यात कोंबडीनं अंडी घातलेली! बाई म्हणाल्या, "विहिरीचा पंप चालू करून दिलास, त्यात सगळं आलं. घेऊन जा. माझ्या डोळ्यांपुढं गंजण्यापेक्षा तुझ्या हातानं मोडली तरी चालेल."

सोनाजी सारखा माझ्या कुबड्यांकडं बघत होता. शेवटी विचारलंच — "संतराम, एका पायावर ही चालवणार कशी तू?"

"फिटर हाय मी," म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

२० जुलै

टाकीला बुडाशी भोक. साखळी गंजून काठीसारखी ताठ. इंजिन जाम. मागच्या टायरला बोट लावलं तर तुकडा हातात आला. पण सांगाडा सरळ आहे, कुठं तडा नाही. दिवसभर बोटं फिरवून बघत बसलो. दुपारी जेवायचं राहून गेलं, ते उन्हं उतरल्यावर ध्यानात आलं. जानेवारीनंतर असं पहिल्यांदाच झालं.

२६ जुलै

सिलिंडरमध्ये रॉकेल ओतून ठेवलंय. हलत नाही.

१ ऑगस्ट

रोज गाडीचं लिहितो आणि एक गोष्ट टाळतो. आज लिहून टाकतो.

द्वारका चार महिने माहेरी आहे, शिरड शहापूरला. लोकांना सांगतो की तिच्या आईचं दुखणं आहे. खोटं. मीच घालवली बायकोला.

जानेवारीत, मी फिटर होतो त्या कापसाच्या जिनिंगमध्ये, यंत्राच्या पट्ट्यात धोतर अडकलं. डावा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यातून आलो आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. घरातली ज्वारी संपत आली. तेव्हा ती मला न सांगता त्याच जिनिंगवर जाऊ लागली, कापसातला कचरा वेचायला. कळलं ते दगडोबाकडून. तो तिथं फाटकावर असतो. भेटायला आला होता बिचारा, कौतुकानं म्हणाला, "वहिनीचा हात लई चलाख हाय."

अंगाची आग झाली. ज्या फाटकातून मला उचलून बाहेर काढलं, त्यातून माझी बायको आत जाते! संध्याकाळी ती आली, केसांत कापूस अडकलेला. मी म्हणालो — "लंगड्याला पोसून पुण्य कमावून राहिली का? जा. तोंड दाखवू नको."

तिनं भाकरी केली, झाकून ठेवली. चौथ्या दिवशी तिचा भाऊ रामकिशन येऊन घेऊन गेला.

तिला परत आणायची आहे. पण कुबड्या टेकत सासऱ्याच्या दारात नाही. स्वतः गाडी चालवत जाणार.

९ ऑगस्ट

हललं! पिस्टन हलला! दोन बोटं, पण हलला.

३० ऑगस्ट

पिस्टनच्या दोन रिंगा तुटलेल्या. इथं मिळायच्या नाहीत, मागवायची ऐपत नाही. पार्वतीबाईंच्या जुन्या पंपाचा फुटका बिडाचा तुकडा पडला होता, तो रेल्वेनं नांदेडला ओळखीच्या कारखान्यात धाडला. त्यांनी लेथवर त्याच्या रिंगा कातून दिल्या. रिंगांच्या तोंडाची फट मी स्वतः कानशीनं काढली. तीन दिवस. जरा जास्त घासलं की रिंग वाया! हात थरथरत नाहीत अजून. हे बघून बरं वाटलं.

१४ सप्टेंबर

टाकीला डाग दिला, साखळी तेलात मोकळी केली, मागं वापरलेला टायर चढवला. आज ठिणगी पाडणारा मॅग्नेटो खोलला. आत उंदराचं घर. पुसला, टोकं घासली, जुळवला. प्लग इंजिनाला टेकवून फिरवलं — ठिणगी! आधी पिवळी, मरतुकडी. मग निळी.

सांगायला घरात कोणी नव्हतं.

३ ऑक्टोबर

आज चालू झाली.

गाडी स्टँडवर, मी सीटवर, उजव्या पायानं किक. वीस झाल्या, तीस झाल्या. सोनाजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता, दमलास." आणखी एक मारली आणि — धाड! पांढरा धूर, मग काळा, मग ठकठक ठकठक लागून राहिली. सोनाजी हसत सुटला.

आवाज ऐकून समोरच्या घरातून पार्वतीबाई बाहेर आल्या. पदर तोंडाला लावून ओट्यावर उभ्या राहिल्या. मी हात केला. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी लगेच इंजिन बंद केलं. मला आधी सुचायला हवं होतं.

१० ऑक्टोबर

पडलो.

सोनाजीनं आणि गल्लीतल्या सुतारानं ढकलून सोडलं. चालत होती तोवर बैलासारखी सरळ गेली. हळू केली आणि डावीकडं कलली — डावीकडं टेकायला पायच नाही! गाडीखाली पडून राहिलो. कोपर सोलून निघालं.

उचलता उचलता सोनाजी म्हणाला, "डाव्या अंगाला एक चाक लावू. त्यावर फळ्यांचा पाटा टाकू. मग पडायची न्हाई."

मी खेकसलो. "लंगड्याचा गाडा दिसंल तो!"

"लंगडा तर हायस तू. गाडीनं काहून लपवावं ते?"

त्याला घरी जायला सांगितलं. गेला.

११ ऑक्टोबर

सोनाजी आला नाही. मीही गेलो नाही.

१७ ऑक्टोबर

रामकिशन बाजाराला आला होता. दारातच उभा राहिला, आत येईना. "दाजी, बरं हाय का?" मी म्हणालो, बस. बसला. गाडीकडं बघत होता.

म्हणाला, "आक्का लोकांच्या शेतात खुरपायला जाऊन राहिली. बाबा नको म्हणतात, ऐकत न्हाई."

मी विचारलं — माझ्याबद्दल काही बोलते का?

"काही न्हाई बोलत. मी बाजारातून घरी गेलो की एवढंच विचारते, त्यांची जखम भरली का."

तो गेल्यावर कुबड्या घेतल्या आणि सोनाजीच्या भट्टीवर गेलो. त्यानं मान वर केली नाही. मी म्हणालो, "चाक लाव."

"बस तिथं," म्हणाला. "भाता ओढ."

७ नोव्हेंबर

सायकलचं चाक लावून पाहिलं. पहिल्याच खड्ड्यात पापडासारखं वाकडं झालं! पुन्हा सगळं खोललं.

२१ नोव्हेंबर

सुतारानं बाभळीचं लहान चाक करून दिलं. बैलगाडीच्या चाकासारखंच, फक्त हातभर. सोनाजीनं लोखंडी धाव लाल तापवून त्यावर चढवली, पाणी ओतलं, आणि धाव करकचून बसली. आत पितळी बुश मी घातलं. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा चार जागी बोल्टानं गाडीला आवळला.

मागचा ब्रेक डाव्या पायाचा होता. त्याची दांडी लांबवून हाताशी आणली. गिअरचा दांडा टाकीशेजारी आहे, हातानंच बदलायचा. तेवढं बरं.

दिसायला विचित्र आहे. उजव्या अंगानं गाडी, डाव्या अंगानं छकडा.

२८ नोव्हेंबर

स्टेशनपर्यंत गेलो आणि आलो! एकटा! लाकडी चाक खडखड करतं, दात वाजतात. पण थांबलो तरी पडत नाही. लोक हसले. मलाही हसू आलं.

१९ डिसेंबर

काम मिळालं. आखाडा बाळापूरला एका बागाईतदाराचं तेलाचं इंजिन बंद पडलं होतं. गेलो, चालू करून दिलं. आणखी दोघांनी बोलावलंय. हत्यारं न्यायला डावीकडच्या पाट्यावर लाकडी पेटी ठोकली, अख्खा पाटा भरून. आता मी कुणाचा मिंधा नाही.

संक्रांत झाली की शिरडला.

१६ जानेवारी १९३८

गेलो होतो.

धोतर धुतलेलं, पटका नवा. सासऱ्याच्या दारात गाडी उभी केली. सासरे बाहेर आले, पाणी दिलं, "या जावई" म्हणाले. मी उतरलोच नाही. म्हणालो, न्यायला आलोय.

द्वारका बाहेर आली. वाळलीय. हात उन्हानं काळे पडलेत. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली. पेटीवर हात ठेवला.

"मी कुठं बसू?"

सहा महिने मी ही गाडी तिला आणायला करत होतो. तिला बसायला जागाच केली नव्हती!

"पेटीवर बस," म्हणालो.

"मी काय सामान हाय?" आवाज चढवला नाही तिनं. "तुमी गाडी केली, चांगलं केलं. पण ती तुमची तुमाला केली. आन् मी आले तर कामाला जाईन, आत्ताच सांगते. तुमचा पाय गेला तिथं. माझे हात न्हाई गेले."

मी गाडी वळवली. मागून तिचा आवाज आला — "जखम भरली का?"

व्हय, म्हणालो. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. इंजिनाचा आवाज फार.

१७ जानेवारी

दिवसभर कामाला हात लावला नाही.

पाय माझा गेला. पण दवाखान्यात अकरा दिवस माझ्या खाटेखाली ती निजली. एकदाही मी तिला विचारलं नाही, तू जेवलीस का.

१८ जानेवारी

पेटी काढली. सोनाजी म्हणाला, "आता काय बसवायचं?"

"माणूस."

त्यानं लगेच भट्टी पेटवली.

२२ जानेवारी

बसायची जागा झाली. खाली बाभळीची चौकट, त्यावर सुंभाचं विणकाम, पाठीला टेकायला फळी, धरायला लोखंडी दांडा. सोनाजीनं दांडा घासून घासून गुळगुळीत केला — "वहिनीच्या हाताला लागू नये." पार्वतीबाईंनी एक गोधडी आणून दिली. घडी घालून त्यांनीच ती जागेवर ठेवली. जाताना टाकीवरून एकदा हात फिरवला.

हत्यारं आता माझ्या मागं, लहान थैलीत.

२३ जानेवारी

पुन्हा शिरड. या वेळी उतरलो. कुबड्या घेऊन अंगण ओलांडलं, ओट्याच्या तीन पायऱ्या चढलो. सगळे बघत होते. सासरे, रामकिशन, शेजारचे.

रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो — "मी बोललो ते वाईट बोललो. तुझं चुकलं नव्हतं."

द्वारका भिंतीला टेकून उभी होती. "आन् कामाचं?"

मला जिनिंगचं ते फाटक दिसलं. तिनं घाई केली नाही. कुणीच केली नाही.

"जा तू कामाला," म्हणालो.

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. पण गाठोडं घेऊन बाहेर आली.

गोधडीवर बसली, दांडा धरला. नाल्याच्या उताराला एवढंच म्हणाली, "हळू." मी हळू केली.

३१ जानेवारी

सकाळी जिनिंगचं फाटक. वर्षभर त्या रस्त्यानं गेलो नव्हतो. द्वारका उतरली, पदर खोचला, आत गेली. दगडोबा धावत आला — "संतराम! तू? इकडं काहून?"

इंजिन चालू होतं. ओरडूनच सांगावं लागलं. कापसाच्या गाड्यांवरच्या सगळ्यांनी ऐकलं.

"बायकोला कामावर सोडायला आलो!"