रविवारी जेवताना बोलले ते

फालेलोआ, हाअपाई बेटं
बुधवार, २१ जानेवारी

प्रिय आई,

खूप खूप आठवण. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझे पाय अजून सुजतात का? बाळ लाथा मारतं का? पेनीचा पुढचा दात पडला. त्याने तो छपरावर फेकला आणि मग परत हवा म्हणून अर्धा दिवस भोकाड पसरलं. बाबा शेतात सुरण खणायला जातात. त्यांचा रंग इतका रापलाय की तू ओळखणार नाहीस.

समुद्र छान आहे. मी पोहायला शिकले, खोल पाण्यातसुद्धा. केवड्याच्या पाती समुद्रात भिजत घालायलाही शिकले. त्यांच्यावर दगड ठेवावे लागतात, नाहीतर भरती त्या घेऊन जाते. लाविनिया आत्या म्हणते, माझा हात चटया विणायला चांगला आहे.

हे पत्र आना मावशींच्या हाती देतेय. त्या उद्या ऑकलंडला परत निघाल्यात. आत शिंपल्यांची चित्रं आहेत असं मी त्यांना सांगितलंय. चित्रं नाहीत, आई. मला फार भीती वाटतेय.

रविवारी चर्चहून आल्यावर आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. अळूच्या पानात शिजवलेलं, नारळाच्या दुधातलं मांस होतं, तुला आवडतं ते. बाबा नेहमीसारखे बहिणीचा मान राखून आत्यापासून लांब, दाराशी बसले होते. मी खूप खाल्लं होतं, आत्याकडे राहणारी सेला मला हसवत होती, आणि मी जोरात म्हणाले, “मला नाही जायचं ऑकलंडला. ही सुट्टी कधी संपूच नये!”

सगळे हसले. आत्या हसली नाही. तिने हात पुसले आणि म्हणाली, “मग राहा. ही पोर आजपासून माझी.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी बाबांकडे बघितलं. ते ताटात बघत होते. ते म्हणाले, “हो, ताई.”

एवढंच झालं, आई. मग कुणीतरी आणखी सुरण वाढलं.

सोमवारी सकाळी सेलाने माझ्या हातात झाडू दिला. मी म्हटलं, “मी पाहुणी आहे ना?” तर म्हणाली, “पाहुणी रविवारी गेली, बाईसाहेब. आता तू घरची. आधी अंगण झाड, मग डुकरांना नारळ घाल, आणि तोंड वाकडं करू नकोस.” दुपारी आत्या मला इथल्या शाळेत घेऊन गेली. तिथल्या बाईंनी शिंप्याकडे गणवेशाचं माप द्यायला सांगितलं. रस्त्यात बायका थांबून आत्याला म्हणत होत्या, “देवाने ऐकलं तुझं, घरात पोर आली.” आणि माझ्या गालाला मायेने नाक लावत होत्या. पेनीने विचारलं, “मग मांगेरेच्या आपल्या घरी ताईची खाट माझी का?” बाबा त्याच्यावर ओरडले. पण नाही असं काही म्हणाले नाहीत.

काल मी बाबांच्या मागोमाग शेतात गेले. म्हटलं, “बाबा, तुम्ही नाही म्हणा ना तिला.” तुला माहीत आहे ना, तिकडे गाडी लावण्यावरून ते कुणाशीही कसे भांडतात? ते खणत राहिले. मग म्हणाले, “लुपे, ती माझी बहीण आहे. तिला नाही म्हणणारा आमच्या घरात अजून जन्माला आला नाही. आणि तू स्वतः बोललीस, सगळ्यांसमोर.”

“मी गंमत केली होती.”

“मग तिला तूच सांग,” ते म्हणाले. त्यांचा आवाज कसातरीच झाला होता. बाबांना कुणाची भीती वाटताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते पाहून मला जास्तच भीती वाटली.

मी गेले. आत्या एकटीच विणत बसली होती. तिने मला जवळ घेतलं. म्हणाली, “तुझे आतोबा गेल्यापासून या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. बाळ, खरं सांग, तुला जायचंय का?”

आई, तिने विचारलं होतं. मला नुसतं हो म्हणायचं होतं. पण तिचे डोळे भरले होते आणि ती इतकी घट्ट धरून होती, की मी म्हणाले, “नाही, आत्या.” मग मी रडायला लागले आणि तिला वाटलं, मी आनंदाने रडतेय. तीसुद्धा रडली. ती वाईट नाही गं. वाईट असती तर मला बोलता आलं असतं.

शुक्रवारच्या बोटीने बाबा आणि पेनी निघणार. माझी बॅग आत्याच्या कपाटात गेली.

तू फोन करू नकोस. फोन आत्याच उचलते, आणि तिच्याशी तू फोनवरसुद्धा उभी राहून बोलतेस, मी पाहिलंय. “बरं ताई” म्हणशील आणि ठेवून देशील. तू ये. पोट दिसत असलं तरी अजून विमानात बसू देतात ना? तुला इथे काही बोलता येणार नाही, ठाऊक आहे मला. बोलू नकोस. फक्त अंगणात येऊन उभी राहा. मी पळत येईन आणि तुला धरून ठेवीन, सगळ्यांसमोर. मग त्यांना सोडवता येतं का ते त्यांनी बघावं.

आणखी एक विचारायचं होतं. विमानतळावर तू म्हणालीस, “आत्या म्हणेल तसं वाग,” आणि मग खूप रडलीस. एका महिन्याच्या सुट्टीसाठी कुणी एवढं रडत नाही. त्याआधी एका रात्री तू माझ्या सख्ख्या मावशीला सांगत होतीस, की बाळ आलं की घरात जागा पुरायची नाही. मी तेव्हा जागी होते.

तुला आधीपासूनच माहीत असेल, तर हे पत्र फाडून टाक आणि मला कधीच सांगू नकोस. नसेल माहीत, तर लवकर ये.

अजून तुझीच,
लुपे