चेहऱ्यावर दिसत नाही

३ जून
नवं प्रकरण हाती आलं. साठी ओलांडलेला कैदी, पूर्वी बेकरी चालवायचा. भांडणात भागीदाराला जिन्यावरून ढकललं, भागीदार गेला. मुदतपूर्व सुटकेचा अर्ज मंडळाने दोनदा फेटाळला आहे. दोन्ही वेळा शेरा एकच — ‘चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसत नाही.’ बराकीत त्यांना ‘पुतळा’ म्हणतात. हा शेवटचा अर्ज, आणि मानसशास्त्रीय अहवाल मी द्यायचा आहे.

जेवताना घरी सांगितलं. वर म्हटलं, कॉलेजातली मुलं तास बुडवून पळायची, आताचे माझे विद्यार्थी निदान जागेवर सापडतात! नवरा हसला. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या असल्या फालतू विनोदांवर मांडीवर थाप मारून हसणारे बाबा! कॉलेजची नोकरी सोडून तुरुंगातलं काम घेतलं, तेव्हापासून हे असं चाललं आहे. नवरा म्हणतो, “तुझ्याच घराण्याचा राग आहे. निवळायला वेळ लागणार.”

६ जून
पहिली भेट. त्यांनी घटना सांगितली, एकही वाक्य स्वतःच्या बाजूला न वाकवता. “ताई, त्याच्या मुलीला मी अंगाखांद्यावर खेळवलंय.” आवाज सपाट. चेहरा कोरा. पापणीसुद्धा क्वचितच लवते. चाचण्यांचे निष्कर्ष मात्र अपराधभावाने काठोकाठ भरलेले! चेहरा एक सांगतो, चाचणी दुसरं. अशा विसंगतीनेच मला कामाचा हुरूप येतो.

पद्धत स्वतःसाठी पुन्हा मांडून ठेवते. मंडळ मनाविषयी विचारतं. पण मन एकटं कुठे सापडतं? ते एका शरीरात राहतं, काही माणसांत राहतं, एका ठरावीक जागेत दिवस काढतं. तेव्हा झोप, भूक, दुखणी, भेटीला येणारी माणसं, कामाची जागा — सगळं पाहायचं. अख्खा माणूस. नाहीतर आपण फक्त चेहऱ्याचा अहवाल लिहितो, आणि तो तर आधीच दोनदा लिहून झाला आहे.

९ जून
तुरुंगाच्या बेकरीत जाऊन आले. शिपाई म्हणाला, “मॅडम, मागे सगळा पाव जळला. हा भट्टीशेजारी बसलेला, पण ढिम्म. याला कशाचंच काही नाही.” मी त्यांनाच विचारलं.
“वासच येत नाही, ताई. झाली बरीच वर्षं.”
“कुणाला सांगितलं नाहीत?”
“कुणी विचारलं नाही.”
जन्म बेकरीत गेलेल्या माणसाला वास येत नाही! मग त्यांना अंगणात चालून दाखवायला सांगितलं. पावलं आखूड. डावा हात झुलतो, उजवा अंगाला चिकटलेला.

१२ जून
मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. शिपाई म्हणाला, “पुतळ्याला दवाखान्यात कशाला नेताय? बागेत उभा करा.”

१७ जून
पार्किन्सन. म्हणजे कंपवात. थरथर नव्हती म्हणून कुणाला शंकाच आली नाही. काहींना ती फार उशिरा सुरू होते. आधी वास जातो, आवाज बसतो, चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आत भाव असतो, पुरेपूर असतो. बाहेर पोचत नाही. घरी भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा दाबून तो उपडा केला आणि नवऱ्याला हे समजावलं: आत भरलेलं, बाहेर थेंब नाही. पुठ्ठा सटकला, टेबलभर पाणी झालं. बाबा काहीतरी पुटपुटले. “मोठ्याने बोला ना,” मी म्हटलं, तर पुन्हा तसंच पुटपुटले. माझ्याशी मुद्दाम इतकं हळू बोलतात.

१९ जून
कैद्याच्या स्वतःच्या मुलीला भेटले. शिवणकाम करते. बापाला घरात घ्यायला ती तयार नसेल तर सुटका होणं कठीण. भेटीला जाणं तिने कधीच बंद केलं आहे. “किती दिवस भिंतीशी बोलून परत यायचं हो?”

मी सावकाश, सगळं क्रमाने समजावलं. ती मशीनवर हात ठेवून ऐकत होती.
“म्हणजे माझ्यावर राग नव्हता त्यांचा?”
आणि हसली. रडू नंतर आलं. हा क्रम नोंदवण्याजोगा आहे. मी म्हटलं, आजार बरा होणारा नाही, वाढत जाईल.
“वाढू दे. कधी आणायचं त्यांना?”

२४ जून
मंडळापुढे मी एवढंच म्हणाले — आजारामुळे पश्चात्ताप सिद्ध होत नाही. पण चेहरा हा साक्षीदार बाद झाला आहे, बाकीच्यांचं ऐका. मग चाचण्या, वागणूक, मुलीचं घर, औषधं, एकेक मांडलं. अध्यक्ष मध्येच म्हणाले, “तुमचा तास संपतो की नाही?” पण ऐकलं त्यांनी. अर्ज मंजूर!

३० जून
आज सुटका झाली. फाटकाशी मुलगी आली होती. “बाबा, आता हसा म्हणणार नाही मी तुम्हाला.”
त्यांचा चेहरा तसाच, कोरा.
“अगं, हसतोच आहे.”

१ जुलै
सकाळी गॅलरीत उभी होते. बाबा दूध आणायला निघाले. पिशवी उजव्या हातात. डावा मोकळा होता, पण चालताना झुलत नव्हता.

म्हणजे तास बुडवणाऱ्या मुलांच्या त्या विनोदाला बाबा हसले होते.