पांढऱ्या खुणेच्या पुढे

सोमवार, ३ फेब्रुवारी
१. टेकडीवरच्या वेधशाळेत पोचले.
२. खोली लहान, पण खिडकी पश्चिमेला. मावळतीला शुक्र आणि शेजारी चंद्रकोर.
३. मोबाइलची रेंज फक्त फाटकापाशी.
काम आवडीचं. संध्याकाळी येणाऱ्यांना चंद्र, गुरू, व्याध दाखवायचे. दुर्बीण जुनी, सगळं उलटं दाखवते. चंद्र डोक्यावर उभा दिसला तर माझ्यावर रागावू नका, असं मी आधीच सांगून ठेवते. डोळा लावायच्या नळीवर पांढरी खूण आहे. नळी तिथे असली की तारे स्पष्ट. राखणदार काका चहा देऊन गेले. ताई म्हणते, तुला माणसांपेक्षा ग्रह बरे. तरी तिला रविवारी बोलावलंय.

मंगळवार, ४
नळी खुणेच्या चार मिलिमीटर बाहेर. जवळचं काही बघायचं असेल तरच ती बाहेर ओढावी लागते; जितकं जवळ, तितकी जास्त. हिशेब केला. एक किलोमीटर, म्हणजे बस थांबते तो पूल. दिवसा कोण बघतं? काका म्हणाले, उंदीर असेल. उंदराला पुलावर काय बघायचंय?

बुधवार, ५
आज दहा मिलिमीटर. चारशे मीटर. वाटेचं वळण. माझी खिडकी त्या अंतरावर नाही, हे सगळ्यात आधी तपासलं. तरीही काकांवर भरवसा नाही. नळीचा स्क्रू पान्याने आवळला आणि पाना उशाखाली ठेवला.

गुरुवार, ६
नळी खुणेवर. काका दिवसभर काहीतरी शोधत होते. मी विचारलं नाही.

शुक्रवार, ७
काका शेवटी बोलले. पोरी, तुला कशाला बघू मी? ते कुठवर आलं ते बघत होतो, कालचा अख्खा दिवस घालवलास. नुसत्या डोळ्यांना ते वाटेवरचं कुणीही वाटतं, म्हणे. ओळखीचंसुद्धा. दुर्बिणीत सगळं उलटं, ते तेवढं सरळ.
मी हसले. ते हसले नाहीत. पाना परत दिला.
फाटकापाशी जाऊन ताईला लिहिलं: रविवारी येऊ नकोस, मिळालं की कळव. उत्तर नाही.

शनिवार, ८
काकांच्या चपला दारात. काका नाहीत. नळी एकोणसत्तर बाहेर. साठ मीटर—
फाटक.

संध्याकाळ
फाटकाशी ताई! एक दिवस आधीच. हात हलवतेय, घरच्या नावाने हाक मारतेय. धावत निघाले आणि—
परत फिरले. डोळा लावला.
फाटक उलटं. झाड उलटं. मागची वाट उलटी.
ताई—

रेंज फाटकापाशीच. आता तिथे जाता येत नाही, म्हणून इथे वहीतच लिहिते. ताई, तू घरी असशील तर रविवारपर्यंत उत्तर दे. एक शब्द पुरे. हाक आता दाराच्या