चोवीस पुस्तकं, सगळी नापास

२ मे, सकाळी ११
आज वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई स्वतः काउंटरमागून उठून माझ्यापर्यंत आल्या. मुलांच्या खोलीत अवकाश आणि रात्रीचं आकाश या विषयाचं नवं कपाट करायचंय. चोवीस पुस्तकं आली आहेत. त्यांतली चांगली दहा निवडायची, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या, म्हणजे मुलांना आणि आईबापांना कळेल कुठलं न्यायचं. मुदत २५ तारीख. मीच का, असं विचारलं. म्हणाल्या, तुम्ही रोज इथेच असता ना. हा त्यांचा विनय. खरं कारण उघड आहे. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या प्रेसमध्ये मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. दोन पिढ्यांचं विज्ञान माझ्या लाल पेन्सिलीखालून गेलंय.
संकल्प: उद्यापासून रोज दोन पुस्तकं. १४ तारखेला काम फत्ते.

२ मे, संध्याकाळी
दोन पिशव्या भरून पुस्तकं घरी. मुलगी आणि आठ वर्षांची नात सुट्टीला आल्या आहेत, त्यामुळे घरात जागा नाही. जेवणाच्या टेबलावर कब्जा केला. बायकोने विचारलं, जेवायचं कुठे. मांडीवर ताट घेऊन, असं सांगितलं. राष्ट्रीय महत्त्वाचं काम आहे.

३ मे
आधी पद्धत. प्रत्येक पुस्तकाला शंभरपैकी मार्क: अचूकपणा ४०, भाषा ३०, छपाई २०, गांभीर्य १०. पास व्हायला ७५. दुपारी चारपर्यंत तक्ता आखला. पुस्तक उघडायला वेळ झाला नाही. पाया महत्त्वाचा.

५ मे
क्र. १. मुखपृष्ठावर सूर्य हसतोय. दात दिसतायत. गांभीर्य शून्य. आत चंद्राने ढगाचं पांघरूण ओढलंय. समासात लिहिलं, 'पुरावा?' एकूण १४.
क्र. २. रॉकेट अवकाशात धडाम् आवाज करतं. तिथे हवा नाही, आवाज जाणार कशातून? लेखकाच्या डोक्यातही तशीच पोकळी असावी. ९.

७ मे
क्र. ३. ग्रह आठ. पुन्हा मोजले. आठच. अख्खा प्लूटो प्रेसमध्ये गळाला आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. लाल पेन्सिलीने ठळक लिहिलं, 'नववा कुठे? अक्षम्य.'
नात टेबलाखाली पालथी पडून क्र. २ वाचत होती. तिथूनच म्हणाली, आजोबा, प्लूटो आता बटुग्रह आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. मी म्हटलं, कोण म्हणतं. म्हणाली, तुमच्या हातातल्या पुस्तकातच आहे, पान अठरा. पान अठरा मी वाचलं नव्हतं, कारण पान चौदावर एक अनुस्वार चुकल्यामुळे पुस्तक तिथेच बाद झालं होतं. पद्धत ती पद्धत. शिवाय ग्रहांच्या बाबतीत मी फॅशन मानत नाही.

१० मे
सहा झाली. सोळा व्हायला हवी होती. दोष घरच्यांचा. नात प्रश्न विचारते. अवकाशात वर-खाली नसतं, मग अंतराळवीर झोपतात कसे? मी सांगितलं, हे आठवीला येतं. ती उठली, पुस्तक उचललं आणि स्वयंपाकघरात आजीकडे गेली. मग आतून बराच वेळ दोघींची खुसखुस. म्हणे भिंतीला बांधलेल्या पिशवीत झोपतात. बायको म्हणाली, अशी एक तुझ्या आजोबांना आणू, रात्रभर पलंगभर फिरतात.
या बाईला चाळीस वर्षांत औषधाच्या बाटलीवरचं लेबल सोडून काही वाचताना मी पाहिलेलं नाही. आता कांदा चिरता चिरता पृथ्वीचं परिभ्रमण चाललंय. अर्धवट ज्ञानाचा असा प्रसार होतो.

१३ मे
क्र. ९. 'शनीला शंभराहून जास्त चंद्र आहेत.' किती फेकावं याला काही मर्यादा? आमच्या सातवीच्या पुस्तकात दहा होते. प्रूफ मी स्वतः तपासलं होतं. 'शंभराहून जास्त' खोडून '१०' केलं. भाषा ठीक, पण खोटं शुद्ध भाषेत बोललं तर जास्त धोक्याचं, म्हणून भाषेचेही मार्क कापले. १६.

१६ मे, रात्री ९
क्र. १२ च्या पाठीला पुठ्ठ्याची चकती जोडलीय. तारीख आणि वेळ जुळवली की त्या वेळचं आकाश दिसतं म्हणे. पुस्तक आहे की खेळणं? ११.
नात हट्टाला पेटली, चकती घेऊन गच्चीवर चला. साडेसातला सगळे वर. म्हटलं, आज या लोकांना खरं मार्गदर्शन मिळू दे. सगळ्यांत तेजस्वी तारा हेरून ध्रुव दाखवला. त्याच्या अढळपणावर दहा मिनिटं बोललो. नात चकती फिरवत होती. मग हळूच म्हणाली, आजोबा, तुम्ही सूर्य मावळला तिकडे बघताय. तो शुक्र आहे. ध्रुव उत्तरेला, त्या टाकीच्या वर, थोडा मंद आहे तो.
मुलीने तोंड फिरवलं. बायकोला खोकला झाला. गच्चीवर वारा फार. नात माझं मनगट धरून मला टाकीकडे वळवत होती, आजोबा, एकदा बघा तर. मी वळलो नाही. मान अवघडली होती.
चकतीत छपाईचा दोष असणार.

२१ मे
चोवीस पूर्ण. निकाल: चोवीस नापास. सर्वाधिक ४१, क्र. १७ ला. त्यात नुसती चित्रं असल्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या नाहीत. रिपोर्ट सव्वीस पानी. शीर्षक: 'बाल-अवकाशवाङ्मयाचं अधःपतन'. शिफारस केलेली पुस्तकं: शून्य. शेवटच्या परिच्छेदात सूचित केलंय की निर्दोष पुस्तक लिहू शकेल असा माणूस याच गावात निवृत्त होऊन बसलेला आहे. नाव दिलं नाही. त्यांना कळेल.
नात सकाळपासून वहीत काहीतरी लिहितेय. मी जवळ गेलो की वही झाकते. मुलीला कारण विचारलं. म्हणाली, बाबा, तिला तुमच्यासमोर लिहायची भीती वाटते. तुम्ही चुका काढता. मी म्हटलं, भीतीशिवाय शुद्धलेखन येत नाही. मुलीने हातातल्या कपड्याची घडी पूर्ण केली. मग म्हणाली, मला माहितीये ना. पटलं असावं.

२४ मे
एक दिवस आधीच रिपोर्ट सादर. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि पुस्तकं उघडून बघायला लागल्या. एक, दोन, पाच. चेहरा बदलत गेला. इतकं बारीक काम आजवर त्यांच्या पाहण्यात आलं नसणार. शेवटी अगदी हळू म्हणाल्या, ही वाचनालयाची पुस्तकं आहेत. मी म्हटलं, म्हणून तर कसूर केली नाही. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. कौतुक करताना काही लोकांना शब्द सापडत नाहीत.

२५ मे
बायको आणि नात 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणून गेल्या त्या दोन तासांनी आल्या. कुठे, ते सांगितलं नाही. मी भाषण लिहितोय, त्यामुळे चौकशी केली नाही. पंचेचाळीस मिनिटांचं झालंय. कापण्यासारखं काही नाही.

२८ मे
कपाटाचं उद्घाटन. भाषण कोणी मागितलं नाही.
कपाटाच्या दारावर लिस्ट लावलेली. दहा पुस्तकं. अक्षर नातीचं. खाली लिहिलेलं, 'निवड: नात आणि आजी'. माझा रिपोर्ट कुठे दिसला नाही.
क्र. १ खाली: 'सूर्याला दात आहेत पण बाकी माहिती खरी आहे. मी दुसर्‍या पुस्तकात तपासली.'
क्र. ३ खाली: 'प्लूटोचं वाईट वाटतं. पण त्याला का काढलं ते निट सांगितलं आहे.'
क्र. १२ खाली: 'हे घेऊन अंधारात जा. आजीलापण जमतं.'
'नीट' ऱ्हस्व. दहा पुस्तकांत अशा सहा चुका. आईबाप मात्र चष्मे पुसून पुसून वाचतायत, फोटो काढतायत. वाचकांचा दर्जा घसरला तो असा. माझा हात खिशातल्या पेन्सिलीवर गेला. वर पाहिलं तर नात माझ्याकडेच बघत होती. हसत नव्हती. पेन्सिल काढली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत हात खिशातच ठेवला. मग तो नीट सरळ होईना.
लोकांनी पुस्तकं मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, आठवड्याने या, सध्या दुरुस्तीला आहेत. मग माझ्याकडे आल्या आणि एक कोरं खोडरबर माझ्या तळहातावर ठेवलं.

३१ मे
मुलगी आणि नात गेल्या. निघताना नातीने वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, 'नीट'मधला 'नी' दीर्घ असतो. म्हणाली, हो आजोबा. एवढंच म्हणायचं नव्हतं मला. पण बाकीचं आठवेपर्यंत रिक्षा सुटली.

३ जून, संध्याकाळी ७
खोडण्याचं काम चालू. रोज एक तास. बसायला मुलांच्या खोलीतलं बुटकं टेबल दिलंय, गुडघे हनुवटीला लागतात. हे काम दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. लाल पेन्सिल पूर्ण जात नाही, गुलाबी डाग राहतो.
खोडताना ओळ वाचावीच लागते. क्र. ५ मध्ये होतं की काही ताऱ्यांचा जो उजेड आज आपल्याला दिसतो, तो तिथून आपण जन्मण्याच्या कितीतरी आधी निघालेला असतो. त्या पानावर खोडायचं काही उरलं नव्हतं, तरी तिथेच बसून राहिलो. म्हणून आज दोनच पुस्तकं झाली.
पाचच्या सुमारास पाच-सहा वर्षांची एक मुलगी शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. बराच वेळ माझा हात बघत होती. मग विचारलं, काय खोडताय. म्हटलं, चुका. म्हणाली, कोणाच्या.
माझ्या बसची वेळ झाली होती, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. बस साडेसहाला होती.