बापूच्या होडीतली दुसरी जागा

१२ नोव्हेंबर, बुधवार
संध्याकाळी बापूच्या वर्कशॉपवर गेलतो. होडीवर शेवटचा हात चाललाय. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "दिन्या, कॅप्टन येणार हाईत, त्या खुर्च्या जरा पूस." मी काय ह्याचा गडी हाय? फर्निचरवाल्या बापूनं होडी बांधली आणि सीटकव्हरवाल्या दिनकरनं शीड शिवलं, असं सगळी राजारामपुरी म्हणत होती. दुकानातली गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून शिवलंय. बोटं सुजली होती. तेव्हा कुठला कॅप्टन नव्हता.

कॅप्टन म्हणजे कर्णिक. मोठ्या जहाजांवर होते, आता रिटायर होऊन मागच्या गल्लीत लेकीच्या फ्लॅटवर आलेत. (ह्यापुढं नुसतं कॅ. लिहिणार. एवढा मान माझ्या वहीत नको.) आल्या आल्या होडीवरनं हात फिरवून "वा!" म्हणाले. शीड कोपऱ्यात गुंडाळून ठेवलंतं, तिकडं बघितलंसुद्धा न्हाय.

खुर्च्या पुसल्या शेवटी.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज होडीवर होकायंत्र बसवलं. कॅ.चं स्वतःचं हाय. नारळाएवढं, वर काच, आत तबकडी तरंगते. बापूनं असं दोन्ही हातांत धरलं, जणू गाभाऱ्यातनं देव बाहेर काढलाय.

काम मात्र बघण्यासारखं. होडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणली. यंत्रावर एक रेघ असते, ती त्या दोरीच्या बरोबर सरळीत आली पाहिजे, केसाचाही फरक नको. पुढच्या कप्प्याच्या वरच्या फळीवर जागा ठरली. आणि आजूबाजूला लोखंड अजिबात नको, नाहीतर तबकडी भरकटते. म्हणून बापूनं तिथले सगळे लोखंडी स्क्रू उपसून पितळी घातले. ते आणायला पापाच्या तिकटीला कोण पळालं? मीच की.

किल्ल्या, मोबाईल सगळं लांब ठेवायला लावलं. माझ्या खिशात कात्री होती. कॅ. म्हणाले, "दिनकरराव, तुम्ही जरा लांबच उभे राहा." महिनाभर लांबच उभा हाय मी, तुमच्या कृपेनं.

यंत्र बरोबर चाललं. जोतिबाचा डोंगर जिथं दाखवायला पाहिजे तिथंच. बापू म्हणतो, "असलं नेटकं काम आयुष्यात बघितलं न्हाय." माझं शीड बघून काय म्हणालता? "चालतंय."

२० नोव्हेंबर, गुरुवार
अमावस्या. दुकान लवकर बंद केलं. बापू दारात येऊन सांगून गेला, १४ डिसेंबरला देवगडकडं समुद्रात जायचं. होडीत दोघंच मावतात.

"मी आन् कॅप्टन. तू टेम्पो चालवशील न्हवं?"

पहिल्या दिवसापासून ठरलंतं, पहिल्यांदा आम्ही दोघं जाणार. त्याच्याच तोंडचं वाक्य. मी म्हटलं, "व्हय, चालवतो की." घरात येऊन हिला सांगितलं, तर ही कांदा चिरता चिरता म्हणाली, "मग चालवा टेम्पो. पोहता तरी कुठं येतंय तुम्हाला?"

पोहायचा प्रश्नच न्हाय. जाकीट असतंय. पण हिला काय सांगायचं. जेवण गेलं न्हाय. माझं पोट दुखतंय ते कॅ.मुळं, लिहून ठेवतो एकदाच.

२३ नोव्हेंबर, रविवार
राजाराम तलावावर होडी उतरवली. आणि होकायंत्र चक्क चुकलं! जोतिबा पार भलतीकडं. मोबाईलवर एक दिशा, यंत्रावर दुसरी. कॅ.नी चष्मा पुसला, परत बघितलं. तेच. गेल्या रविवारी बरोबर होतं, आठवड्यात काय झालं?

बापूचं तोंड एवढंसं झालं. मला आतनं उकळ्या फुटत होत्या. वरनं म्हटलं, "अरेरे." येताना गल्लीच्या तोंडाला थांबून मिसळ खाल्ली, एकट्यानं, जास्तीचा कट मागून.

३० नोव्हेंबर, रविवार
कॅ. दोरी घेऊन परत हजर. रेघ बरोबर. स्क्रू पितळीच. पुढच्या कप्प्यात आत शिरून बघायला पाहिजे म्हणाले, पण त्यांचे गुडघे गेलेत आणि बापूचा पसारा त्या भोकातनं जात न्हाय. "दिनकरराव, तुम्ही बारीक आहात. जरा बॅटरी घेऊन फळीच्या खालून बघता?"

आता बरा दिनकर आठवला. डोकं आत घातलं. बॅटरी लावलीच न्हाय. जरा वेळ तसाच वाकून राहिलो, बाहेर येऊन म्हटलं, "काय न्हाय."

म्हातारा "धन्यवाद" म्हणाला. असू दे.

४ डिसेंबर, गुरुवार
कॅ. दुकानात आले, पहिल्यांदाच. उभ्या उभ्याच बोलले. "यंत्र मी बसवलं, चूक माझी. सकाळी समुद्रावर धुकं असतं, किनारा दिसेनासा होतो. ज्या यंत्रावर माझा भरवसा नाही ते घेऊन मी बापूंना आत नेणार नाही. तुम्ही दोघं जा, पण किनाऱ्याजवळच राहा. मी काठावर थांबतो."

जाताना शिडाचा तुकडा काउंटरवर पडलाता, तो बोटांनी चाचपला. "टाके फार सुंदर आहेत हो. मी पहिल्या दिवशीच बघणार होतो, राहून गेलं."

संध्याकाळी बापू. "कॅप्टन न्हाई म्हणत्यात. चल मग तूच."

चल मग तूच. नवरी न्हाई म्हणाली म्हणून तिच्या बहिणीला उभं केल्यागत. पण जागा मिळाली! हिला पेढे आणले. ही म्हणाली, "पोहायला शिका आधी."

७ डिसेंबर, रविवार
शिडाची पिशवी पुढच्या कप्प्यात ठेवायला आत सरकलो. हाताला गार लागलं. बॅटरी लावली. फळीच्या खालच्या बाजूला, होकायंत्राच्या बरोबर खाली, काळ्या दोऱ्यानं करकचून बांधलेला घोड्याचा नाल. चांगला जाड, लोखंडी. यंत्र बिचारं काय करणार?

बापूच्या मंगलवहिनी चहा घेऊन आल्या तशा मला आत बघून थबकल्याच. म्हणाल्या, "मीच बांधलाय, भाऊजी. अमावस्येला. ट्रकला बांधत्यात, गाडीला बांधत्यात, मग होडीला नको? समुद्रात जाणार हाय माणूस. ह्यांना सांगू नका हं, असल्यावर वरडत्यात."

मी हसून म्हटलं, "कुणाची नजर लागत्या एवढी? कॅप्टनची?"

वहिनी खरं बोलणारी बाई. कप माझ्या हातात दिला. "राग मानू नका. आमचे हेच म्हणालते जेवताना, दिन्या हल्ली होडीकडं बघतो ते मला बरं वाटत न्हाय. माझ्या डोक्यात ते बसलं."

चहा प्यालो. साखर जास्त होती.

१० डिसेंबर, बुधवार
तीन दिवस बापूकडं गेलो न्हाय.

राग कुणाचा धरू? बापू जेवताना बायकोजवळ बोलला, मला तोंडावर न्हाय बोलला. बोलला असता तर मी भांडलो असतो. आणि खोटं कुठं होतं? मी बघत होतोच की तसा.

नालाचं सांगितलं तर यंत्र बरोबर, कॅ. बरोबर, कॅ. होडीत, मी टेम्पोत. न सांगितलं तर मी होडीत, आणि धुकं पडलं तर बापू त्या खोट्या तबकडीच्या भरवशावर. त्याला पोहता येतंय, मला न्हाय, म्हणजे आधी मीच जाणार. वहिनींनी सांगू नका म्हटलंय, ती सोय हाय. पण ३० तारखेला मी डोकं आत घालून बघितलंच न्हाय, हे त्यांना कुठं माहीत हाय.

१३ डिसेंबर, शनिवार
निघालो. टेम्पोत पुढं आम्ही तिघं, बापू चालवतोय, मागं होडी. गगनबावड्याला चहाला थांबलो. गारठा. बापू आणि कॅ. हॉटेलात शिरले, मी "दोऱ्या बघून येतो" म्हणून मागं चढलो. कात्रीनं दोरा कापला. नाल माझ्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून.

हा मधला मार्ग. यंत्र सुधारेल, माझी जागा राहील, वहिनींचं नाव निघणार न्हाय. सगळ्यांचं भलं. घाट उतरताना कॅ. माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. अंग आखडून बसलो, त्यांची झोप मोडू नये म्हणून. हे कशाला लिहितोय.

१४ डिसेंबर, रविवार
सकाळ. टेम्पोत बसून लिहितोय.

होडी पाण्यात. जाकिटं दोन. एक बापूनं घातलं, एक मी. समोर नुसतं धुकं, मासेमारीच्या होड्यांचा आवाज येतोय पण दिसत काय न्हाय. कॅ. गुडघाभर पाण्यात येऊन शेवटचं एकदा वाकले आणि वाकूनच राहिले. मोबाईल काढला. यंत्राकडं, मोबाईलकडं, परत यंत्राकडं.

"बापू, हे बरोबर आहे. अगदी बरोबर." मग माझ्याकडं वळले. "दिनकरराव, तुम्ही काही केलंत?"

आवाजात संशय नव्हता. पोरागत आनंद झालता त्यांना. तोच सहन झाला न्हाय.

बापूनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "मग आता कोण बसतंय, दिन्या? तू सांग. तू म्हणशील तसं."

होडी बांधायला घेतल्यापासून हेच पाहिजे होतं मला. बापूनं विचारावं. मी म्हणेन तसं व्हावं. आणि विचारलं ते आज.

"पिशवी घेऊन आलोच," म्हटलं आणि टेम्पोत येऊन बसलो. पिशवी मांडीवर हाय, आतल्या नालानं जड. कॅ. होडी धरून उभे हाईत. बापू काठावर आलाय, इकडंच तोंड करून. हाक मारत न्हाय, नुसता थांबलाय.