कुंडलिकच्या रेघा

३ जानेवारी १९९७, बारामती
पुण्याच्या प्रकाशकांचा फोन. व्हिज्युअल प्रोग्रॅमिंगवर मराठीत पुस्तक काढतायत. कोड टाइप करायचा नाही, स्क्रीनवर चौकोन मांडून तारांनी जोडायचे. नमुन्याच्या आकृत्या दोघांकडून मागवल्यात, माझ्याकडून आणि माझ्यासारखाच, पण इंदापूरला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कुंडलिककडून. ज्याच्या छपाईला चांगल्या, त्याचं नाव कव्हरवर. म्हणजे माझंच. आईला कळवलं. तिनं वडगाव निंबाळकरभर केलं.

९ जानेवारी
स्टँडवर कुंडलिक भेटला. म्हणाला, आकृती ट्रेसिंग पेपरवर दुप्पट मापात शाईनं काढतोय, प्रेसवाले लहान करतात, रेघ खणखणीत येते. कॉम्प्युटरचा मास्तर आणि हातानं रेघा मारतो. हसू आवरेना.
येताना ड्रॉइंगची पेनं बघून आलो. सहज.

१४ जानेवारी, संक्रांत
डॉट मॅट्रिक्सवर प्रिंट काढली. तिरक्या तारांना पायऱ्या पडल्या. प्रेसवाले गेणबा म्हणाले, ही तर गोधडीची शिवण. दोष प्रिंटरचा. बायकोनं, मनिषानं, तिळगूळ देता देता सुचवलं, कुंडलिकभावजींना विचारून बघा. गोड बोलायचा सण, म्हणून गप्प बसलो.

२२ जानेवारी
झेरॉक्सवर मोठी केली. पायऱ्याही मोठ्या झाल्या.
निश्चय: कुंडलिकचा विचार बंद.

२३ जानेवारी
त्याच्या निम्म्या झाल्या म्हणे.

२ फेब्रुवारी
सुचलं. सरळ स्क्रीनचाच फोटो काढायचा. लग्नाचे फोटो काढणाऱ्या सोपानचा कॅमेरा आणला, स्टँडसकट. सोपान म्हणाला, खोलीत अंधार करा, नाहीतर काचेत समोरचं सगळं दिसतं. त्याला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय. खिडकी उघडीच ठेवली, उजेड भरपूर.

१० फेब्रुवारी
फोटो पुण्याला गेले. घाईत नीट बघितले नाहीत, पण चकचकीत आहेत. कुंडलिकला सांगितलं, उगाच हात दुखवून घेऊ नकोस. त्यानं पिशवीभर पेरू दिले. या माणसावर धड चिडताही येत नाही.

१७ जून
पुस्तक आलं. कव्हरवर कुंडलिक. एकेक रेघ अशी की बघत राहावं. जळून खाक झालो. जेवण गेलं नाही.
माझा एक फोटो घेतलाय, छपाईच्या प्रकरणात. उसाच्या रसाची टाकी चालवणाऱ्या प्रोग्रॅमची आकृती, आणि तिच्या बरोबर मध्ये, काचेत, मी. बनियनवर. खाली ओळ: 'अशी आकृती छपाईस देऊ नये.'

२२ जून, वडगाव
आईला वाचता येत नाही. फोटो मात्र लगेच ओळखला. आळीभर दाखवत सुटली, म्हणे कुंडलिकचं नुसतं नाव हाय, माज्या पोराचा फोटू हाय. शेजारच्या आक्काबाईंनी विचारलं, खाली काय लिवलंय. मी खोकत बसलो.
तेवढ्यात पेढे घेऊन कुंडलिक दारात. पुस्तक घेतलं आणि खालची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली: 'हे चित्र सरांनी स्वतः तयार केलं आहे.' माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
आईनं त्याला हाताला धरून जेवायला बसवलं. मला म्हणाली, किती गुणाचं पोरगं हाय, शिक जरा.
मी त्याला वाढत होतो.